रोज धुतलेला पिंजरा

लिफ्ट मध्येच बंद पडली की आतल्या माणसाने दाबलेल्या लाल बटणाचा फोन जिथे वाजतो, तिथे ताई बसते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत. कानाला हेडफोन, समोर दोन पडदे. एकावर इमारतींचे पत्ते, दुसऱ्यावर कुठला मेकॅनिक कुठे आहे ते दाखवणारे ठिपके. मेकॅनिक पोचेपर्यंत अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, हे तिचं काम. त्या खुर्चीत माणसं सहसा टिकत नाहीत. ताई टिकली. मेकॅनिक तिला थांबाबाई म्हणतात, कारण तिचं प्रत्येक फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं: "थांबा, मी आहे."

"थांबाबाई, घरीपण असंच गोड बोलता का हो?" एका मेकॅनिकने एकदा विचारलं.

"घरी मी बोलतच नाही," ताई म्हणाली.

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

कामाचे काही नियम ताईने स्वतःच बसवले होते. 'लवकरच' हा शब्द वापरायचा नाही. 'घाबरू नका' असं तर अजिबात म्हणायचं नाही, कारण ते ऐकूनच माणूस घाबरतो. खाली बसायला सांगायचं, पाठ टेकायला सांगायची. मग काहीही विचारायचं: आज घरी काय स्वयंपाक, बूट कुठून घेतले, मजल्यावर शेजारी कोण. एका गृहस्थाने आत अडकल्या अडकल्या तिला विमा विकायचा प्रयत्न केला होता. एका गाण्याच्या शिक्षिकेने तिला ऐकवलेल्या ताना अख्ख्या जिन्यात घुमल्या होत्या. ओरडणाऱ्यांची ताई काळजी करत नसे. त्यांचं ओरडून ओरडून संपतं. जो मध्येच गप्प होतो, त्याच्यासाठी ती खुर्चीत सावरून बसायची.

संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा कानाच्या पाळ्या दुखत असायच्या. घर चौथ्या मजल्यावर: एक खोली, एक स्वयंपाकघर, कपडे वाळतील एवढी गॅलरी. इमारतीला लिफ्ट होती, पण ताई जिन्याने चढायची. शेजाऱ्यांना वाटायचं, बाई तब्येतीला जपतात. दार लावून, चपला काढून, दिवा न लावता ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायची. बाहेरचा उजेड गेल्यावरही. तेवढा वेळ कुणी तिच्याशी बोलत नसे आणि ती कुणाशी बोलत नसे. लग्नाचं वय होतं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. आई गेली तोवर वय गेलं होतं. याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. अंधारातला तो वेळ तिच्या वाट्याला आला होता आणि तो तिला पुरत होता.

या घरात आधी भाचीचा हॅमस्टर आला आणि मग भाचीची आई.

भाची म्हणजे ताईच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, राहायला चौघींत मिळून एक खोली, तिथे जनावर चालणार नव्हतं. एका रविवारी ती पिंजरा छातीशी धरून आली.

"मावशी, तुला काही करावं लागणार नाही. दाणे टाकायचे, पाणी बदलायचं. आणि तो आवाजच करत नाही."

"मग ठेव," ताई म्हणाली.

हॅमस्टरचं नाव शेठ. सोनेरी पाठ, पांढरं पोट, मुठीएवढा जीव. मिळेल तो दाणा गालात कोंबायचा, दोन्ही गाल खांद्यापर्यंत फुगायचे आणि मग हा ऐवज घेऊन कोपऱ्यातल्या घरट्याकडे तुरुतुरु जायचा. नाव कशावरून पडलं हे वेगळं सांगायला नको.

शेठ दिवसभर झोपायचा आणि उजेड गेला की उठायचा. म्हणजे ताई खुर्चीत बसायची नेमकी तेव्हाच. पहिले काही दिवस दोघं एकमेकांकडे लांबूनच बघत होती. ताई जवळ गेली की शेठ मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहायचा आणि पुढचे पंजे छातीशी घ्यायचा. ताईला ते फार आवडलं. आपण आल्यावर कुणीतरी उठून उभं राहतं, ही गोष्ट तिच्या आयुष्यात नवी होती. तिने फोनवर भाचीला कौतुकाने सांगितलं.

"अगं मावशी," भाची म्हणाली, "घाबरतो तो तुला."

त्यानंतर ताई पिंजऱ्यासमोर उभी राहिली नाही. खुर्ची जराशी सरकवली, हात पिंजऱ्याच्या दाराशी ठेवून बसू लागली आणि तो येईल तेव्हा येईल असं ठरवून टाकलं. हळूहळू तिला त्याचं कळायला लागलं. उठल्या उठल्या कान चुरगळलेले असले तर हात लावायचा नाही. जांभई देऊन, सगळं अंग लांब करून आळस दिला म्हणजे बरं चाललंय. मध्येच दगडासारखा थिजला तर खालच्या रस्त्यावर काहीतरी वाजलंय, ते संपेपर्यंत आपणही हलायचं नाही. दातांची करकर ऐकू आली की हात बाहेर. कमरेच्या दोन्ही बाजूंना त्याला एकेक काळसर ठिपका होता. चालता चालता तो पिंजऱ्याच्या कोपऱ्याला अंग घासून जायचा. भाचीने सांगितलं, तिथे वास असतो त्याचा. हे घर माझं आहे असं तो कोपऱ्याकोपऱ्यावर लिहून ठेवतो. आणि त्याचं खरं बोलणं इतक्या बारीक आवाजात असतं की माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाही.

"म्हणजे बोलतो, पण मला ऐकावं लागत नाही," ताई म्हणाली.

"हो."

"चांगलं आहे की."

एका संध्याकाळी शेठ तिच्या तळहातावर आला, तिथेच बसून त्याने तोंड धुतलं, कान पुसले आणि परत गेला. ताईने हे कुणाला सांगितलं नाही.

मग मेहुणे वारले. धाकटीचं घर हे नवऱ्याच्या नोकरीचं घर होतं. माणूस गेल्यावर ते सोडावं लागणारच होतं. भाचीच्या खोलीत पाचवी खाट मावणार नव्हती. ताईने स्वतःच फोन करून सांगितलं, "माझ्याकडे ये." तिने ते मनापासून सांगितलं होतं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

धाकटी दोन बॅगा आणि एक शिलाई मशीन घेऊन आली. आल्या दिवशी तिने चहा करायला ओट्यापाशी पाऊल ठेवलं आणि कंबर कसली.

"अगंबाई ताई, हे डबे कधी पुसलेस?"

"पुसते."

"कधी पुसतेस? यांच्यावर नाव लिहिता येईल बोटाने."

धाकटी जन्मभर घर चालवत आली होती. घर चालवायचं म्हणजे घासायचं, झटकायचं, हलवायचं आणि हे करताना बोलायचं. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे जागा बदलून बसले. चमचे ड्रॉवरमधून भिंतीवर गेले. खिडकीजवळची खुर्ची उन्हाने रंग जातो म्हणून आतल्या भिंतीला लागली. ताई जिना चढून यायची तेव्हा चौथ्या मजल्यावरच दार उघडं असायचं, सगळे दिवे लागलेले असायचे आणि धाकटी दारात उभी असायची.

"आलीस? किती उशीर! दमलीस ना? बस. पाणी घे. आज कोण अडकलं होतं? खालच्या बाई सांगत होत्या की टाकी गळतेय. तू तक्रार केलीस का? आणि तुझा तो निळा ब्लाउज, मी उसवून परत शिवला बघ, बाहीत पार गेला होता."

ताई बसायची, पाणी प्यायची, 'हं' म्हणायची. कानाच्या पाळ्या दुखत असायच्या. दिवसभर लोक कानात होते. आता त्यात हेडफोन नव्हता एवढंच. रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्या मनात एकच वाक्य तयार होत असे: 'तुझ्यासाठी जवळपास एखादी खोली बघूया का?' शब्द अगदी साधे होते. रोज सकाळी जिना उतरताना ते तोंडाशी असायचे आणि संध्याकाळी दारात बहीण दिसली की घशाखाली जायचे. नुकतीच विधवा झालेली, जन्मात कधी एकटी न राहिलेली धाकटी बहीण. तिला जा म्हणायचं कसं? आणि न म्हणता असं किती दिवस काढायचे? ताईचं सगळं जगणं या एका वाक्यावर येऊन अडलं होतं.

शेठकडे धाकटीचं लक्ष जाणं भागच होतं.

"याला जोडीदार आणूया गं एक. दिवसभर एकटा पडलेला असतो बिचारा."

"त्याला एकटंच राहायचं असतं. दुसरा आणला तर मारामाऱ्या होतात. रक्त निघतं."

"असं कुठे असतं का! एकटं राहायला आवडणारं कुणी असतं?"

"असतं," ताई म्हणाली.

धाकटी पिंजऱ्याकडे वळली. "बरं. पण वास येतो याला. माझ्या लेकीने तुला धुवायला नाही शिकवलं?"

त्या दिवसापासून पिंजरा रोज धुतला जाऊ लागला. धाकटी शेठला बादलीत ठेवायची, वरून ताटली. घरट्याचे कागद, साठवलेले दाणे, सगळं कचऱ्यात. गरम पाणी, साबण, ब्रश. मग गॅलरीत वाळवणं. शेठ परत आत जायचा तेव्हा पिंजरा दुकानातून आणल्यासारखा चकचकीत असायचा. ताईला हे दिसत होतं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. निदान धाकटीचा तेवढा वेळ पिंजऱ्यापाशी जातो, हेच तिला बरं वाटलं.

शेठचं वागणं बदललं. उठल्या उठल्या तो चारही कोपऱ्यांना धावायचा, कूस घासायचा, पुढच्या कोपऱ्यात जायचा, तिथे घासायचा, परत पहिल्याकडे. दाणे गालात भरायचा पण रिकामे करायचा नाही. फुगलेल्या गालांनी नुसता फिरत राहायचा. पिंजऱ्याच्या सळया दातांनी ओढायला लागला. तो किटकिट आवाज ताईला झोपेत ऐकू येऊ लागला. एका संध्याकाळी तिने नेहमीसारखा दाराशी हात ठेवला आणि त्याने बोट फोडलं.

"चावला? माझ्या ताईला चावला?" धाकटी कापूस घेऊन धावली. "मेल्या, एवढं तुझं करतेय!"

दुसऱ्या दिवशी ताईने अर्धी सुट्टी घेतली आणि दोघी बहिणी पिंजरा घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या. दवाखाना लहानसा. बाकावर मांजराची टोपली मांडीवर घेतलेला एक माणूस आणि एक लंगडा कुत्रा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि बाहीवर कुणाचे तरी केस होते. त्यांनी शेठला उलटंपालटं करून बघितलं, दात बघितले, वजन केलं.

"आजारी नाही. पिंजरा कोण धुतं?"

"मी," धाकटी पुढे झाली. "रोज. गरम पाण्याने. साबण लावून. घरट्याचंसुद्धा काही ठेवत नाही, सगळं नवीन."

तिला शाबासकीची अपेक्षा होती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे हा रोज उठतो तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या घरात असतो. रात्रभर घासून घासून आपला वास लावतो, सकाळी तुम्ही पुसून टाकता. साठवलेलं अन्न फेकून देता. रोज याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते." त्यांनी शेठला परत आत सोडलं. "दमलाय तो. दुसरं काही नाही."

"म्हणजे घाण ठेवायची का?"

"थोडी. ओला कोपरा तेवढा काढा. बाकीचं हलवू नका. थोडे जुने कागद राहू द्या, थोडे दाणे राहू द्या."

"मी इतकी वर्षं घर केलंय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "मला कुणी असं सांगितलं नव्हतं."

"तुमच्या घरात हॅमस्टर नव्हता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी लंगड्या कुत्र्याला बोलावलं.

परतताना धाकटी एक शब्द बोलली नाही. रस्ता ओलांडताना, कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, जिन्यात, कुठेही नाही. ताईच्या मनात आलं, आता बोलावं. जागा आहे, वेळ आहे, डॉक्टरनेच वाट करून दिली आहे. पण तीही बोलली नाही. 'दमलाय तो' हे दोन शब्दांतलं निदान तिच्या डोक्यात घोळत होतं आणि तिला, मोठ्या बहिणीला, एका हॅमस्टरचा हेवा वाटत होता.

पुढचे काही दिवस घर शांत झालं. ताई आली की दार बंद असायचं. ती आपल्या किल्लीने उघडायची. दिवे मोजकेच. जेवण झाकून ठेवलेलं. धाकटी "आलीस" एवढंच म्हणायची आणि स्वयंपाकघरात किंवा आत न्हाणीत जायची. खुर्ची परत खिडकीशी आली होती. कधी आणली ते ताईने बघितलं नव्हतं. शेठ सुधारत होता. सळयांची किटकिट थांबली. त्याने गाल रिकामे केले, घरटं उभं केलं, एका संध्याकाळी परत अंग लांब करून जांभई दिली. ताई अंधारात बसायला लागली. तिला वाटलं, रुळली एकदाची. सगळं आपोआप मार्गी लागलं, ते वाक्य बोलावंच लागलं नाही. ती लवकर झोपायची आणि मेल्यासारखी झोपायची.

कामावर एका दुपारी फोन आला आणि पलीकडून काहीच आलं नाही. नुसता श्वास.

"थांबा, मी आहे. तुमचं नाव सांगता का?"

श्वास.

"बरं. बोलायचं नसेल तर नका बोलू. मी विचारते, हो असेल तर दारावर एकदा वाजवा. एकटेच आहात का?"

बऱ्याच वेळाने एक टक्.

"बसला आहात का खाली?"

काहीच नाही.

ताई खुर्चीत सरळ झाली. पलीकडचा माणूस ओरडला असता तर तिने एका हाताने चहा घेतला असता. मेकॅनिकचा ठिपका दोन सिग्नल मागे अडकला होता. ती बोलत राहिली. पाऊस, भाज्या, स्वतःच्या इमारतीतली गळकी टाकी. मध्येमध्ये टक् येत होती, लांब लांब अंतराने. शेवटी मेकॅनिकचा आवाज आला.

"काढलं, थांबाबाई. एक बाई होत्या. पिशवी हातातच. उभ्याच होत्या हो, भिंतीला न टेकता. दार उघडलं तरी बाहेर येईनात. मी हात धरून आणल्या."

"कुणी आहे का त्यांचं तिथे?"

"आहेत की. घरचे सगळे वरच्याच मजल्यावर होते. त्यांना पत्ताच नाही."

संध्याकाळी ताईने दार उघडलं. स्वयंपाकघरात अंधार होता. धाकटी ओट्यापाशी उभी होती, एक हात नळावर, नळ बंद. दाराच्या आवाजाने ती वळली नाही. खांदे वर, मान आत. कुठलाही आवाज संपायची वाट बघत असावी तशी. ताई दारात थांबली. हे असं उभं राहणं तिने या घरात शेठचं कितीदा तरी बघितलं होतं, आणि त्याचा अर्थ शिकायला तिला मुलीच्या वयाच्या भाचीची मदत लागली होती.

तिने दिवा लावला. झाकलेल्या भांड्यात कालचं जेवण तसंच होतं.

"दुपारी जेवलीस का?"

"भूक नव्हती."

"काल?"

"ऑफिसात आहेस का तू? एकामागून एक प्रश्न."

"मला वाटलं, तू रुळलीस."

"रुळले?" धाकटी हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "ताई, ताटल्यांचा आवाज होऊ नये म्हणून मी मध्ये फडकं घालते. तुझी पावलं जिन्यात ऐकू आली की मी न्हाणीत जाऊन बसते. त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना, हलवू नका म्हणून. मी काही हलवत नाही. मी स्वतःसुद्धा हलत नाही."

"त्या पिंजऱ्याबद्दल बोलत होत्या."

"त्या बोलत होत्या पिंजऱ्याबद्दल. तू माझ्याकडे बघत होतीस."

ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "हे बघ, तो जो प्राणी आहे ना, तो मुळातच एकटा..."

"त्या उंदराला मध्ये घालू नकोस."

"हॅमस्टर."

"उंदीरच तो, गालफुगा! तुला जे बोलायचंय ते बोल. लिफ्टमधल्या परक्या लोकांशी बोलतेस की तासन् तास. मी सख्खी आहे. मी जाऊ का इथून? हो म्हण नाहीतर नाही म्हण."

आता ते वाक्य बोलण्याची गरजच नव्हती. बहिणीनेच ते बोलून टाकलं होतं. ताईला फक्त 'हो' म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं, आणि तिच्या लक्षात आलं की ते पूर्ण खरं नाही.

"तू नको असं नाही," ती सावकाश म्हणाली. "मला संध्याकाळी कुणीच नको असतं. आई असती तरी नको वाटली असती. दिवसभर माणसं कानात असतात. घरी आल्यावर तास-दीड तास मला कुणाचा आवाज सोसत नाही. तुझाच असं नाही. माझासुद्धा नाही."

धाकटी ओट्याला टेकून उभी होती. "आणि मला संध्याकाळीच कुणीतरी लागतं," ती म्हणाली. "सकाळचं काही नाही. दुपारही जाते. दिवे लागले की ते यायचे कामावरून. आता दिवे लागतात आणि कुणी येत नाही. म्हणून तू आलीस की बोलत सुटायचे. थांबले की दाराकडे लक्ष जातं."

दोघी खरं बोलल्या होत्या आणि त्या खऱ्यातून वाट काही निघत नव्हती. ताईने कालचं जेवण गरम केलं, धाकटीने चार घास खाल्ले. खोली शोधायचा विषय निघाला नाही. न निघता तो खोलीतच बसून राहिला.

वाट निघाली ती रागातून. त्या डॉक्टरीणबाईंनी आपल्याला परक्या माणसांसमोर अडाणी ठरवलं, हे धाकटीच्या मनातून जात नव्हतं. एका संध्याकाळी ताई यायच्या वेळी, न्हाणीत बसण्याऐवजी तिने चपला घातल्या आणि ती सरळ दवाखान्यात गेली.

"चार शब्द सुनावायला गेले होते," तिने परत आल्यावर सांगितलं. पदर ओला होता, केसांत कसलासा भुसा. "गेले तर काय, आत उकिरडा! कामाला येणारी बाई सोडून गेलीय. कुत्र्यांच्या खोलीत पाय ठेववत नव्हता. डॉक्टरीण स्वतः एका हाताने मांजर धरतेय, दुसऱ्या हाताने फरशी पुसतेय. मी म्हटलं, आम्हाला स्वच्छता शिकवता का? तर म्हणते कशी, इथे उलटं आहे. इथे एका जनावराचा वास दुसऱ्याला लागता कामा नये. इथे रोज गरम पाणी, रोज साबण. मग? मी पदर खोचला."

"मग?"

"मग काय. उद्यापासून ये म्हणाली, संध्याकाळी. लोक तेव्हाच आणतात जनावरं. बाकावर ही गर्दी! प्रत्येकाला आपलं सांगायचं असतं, आणि ऐकायला तिला वेळ नाही."

"तू ऐकणार?"

"घासता घासता ऐकता येतं," धाकटी म्हणाली.

तेव्हापासून ताई संध्याकाळी घरी येते तेव्हा घर रिकामं असतं. हे ऐकायला जेवढं छान वाटतं तेवढं झालं नाही. दवाखाना आठवड्यातून एक दिवस बंद असतो आणि त्या दिवशी धाकटी घरभर फिरत राहते. दोघींचे काही डबे अजून भांडणातच आहेत. पहिल्या मोकळ्या संध्याकाळी ताई खिडकीशी बसली आणि तिला काही म्हणता काही वाटलं नाही, ना बरं ना वाईट. ती फक्त दमलेली होती आणि दमलेपण एका तासात जाण्याइतकं नवीन नव्हतं. शेठ उठला, त्याने आपले कोपरे तपासले, एकदोन ठिकाणी अंग घासलं आणि तो दाण्यांच्या मागे लागला. त्याला तिच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. ताई बसल्या बसल्याच पेंगली.

किल्लीच्या आवाजाने तिला जाग आली. धाकटी आत आली, दिवा लागला.

"ताई, ऐक ना. आज एक कुत्रा आणला होता, एवढा मोठा धिप्पाड, आणि त्याने काय करावं..."

"उद्या सांग."

धाकटी पिशवी हातात घेऊन थांबली. पूर्वी ताई 'हं' म्हणाली असती आणि ऐकलं नसतं. हे नवीन होतं.

"राग आला?" ताईने विचारलं.

"आला." धाकटीने पिशवी ठेवली. "पण ठीक आहे. उद्याचं वेगळं असेल."

"मग दोन्ही सांग."

"दोन्ही सांगायला वेळ लागेल. मग म्हणू नकोस."

ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढून घेतलं आणि तिने लेकीला फोन लावला. आवाज बराच खाली ठेवला होता, पण भिंती पातळ आहेत आणि ताईचे कान त्याच कामाला सरावलेले. शब्द न् शब्द ऐकू येत होता. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. कुत्र्याने डॉक्टरीणबाईंचा चष्मा तोंडात धरला होता आणि मालक टेबलाखाली वाकला होता. पुढे काय झालं ते ऐकायला ताई जागी राहणार होती, पण त्याआधीच तिला झोप लागली.